हिरवळीचें वेड आणि घाटमाथ्यावरचीं आवारें

जुना बंगला विकत घ्यावा किंवा वडिलार्जित घर वांटणीस यावें, आणि सर्वांआधीं त्याचें आवार 'साफ' करून घ्यावें, अशी एक नवी रीत लोणावळें, खंडाळें व एकंदर पवन आणि नाणें मावळांत रूढ होऊं लागली आहे. साफ करणें याचा अर्थ येथें झाडणें-लोटणें असा नाहीं. पन्नास-पाऊणशें वर्षांचीं झाडें बुंध्यापासून तोडणें, दगडी गडगे पाडून सिमेंटच्या भिंती उभ्या करणें, उताराची जमीन यंत्रानें कापून सपाट करणें, आणि मग त्या उघड्या-बोडक्या जमिनीवर गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली हिरवळ अंथरणें, इतक्या सर्व गोष्टी त्या एका शब्दांत येतात. या उद्योगास 'लँडस्केपिंग' हें भारदस्त नांव आहे. नांव भारदस्त असलें म्हणजे काम शहाणपणाचेंच असतें अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत असल्यामुळें त्याविरुद्ध कोणी ब्र काढीत नाहीं. आम्ही तो आज काढणार आहों. आमच्या मतें ही आवाराची सुधारणा नव्हे. ही अज्ञानाची, उधळपट्टीची आणि शेजाऱ्याविषयींच्या बेपर्वाईची गोष्ट आहे, व ती शिकल्यासवरलेल्यांच्या हातून घडते म्हणून अधिक दोषार्ह आहे.

आमचें बोलणें हवेंत राहूं नये यासाठीं डोळ्यांदेखत घडलेलें एक उदाहरण प्रथम सांगतों. आमच्या एका स्नेह्यांचा तुंगार्लीच्या बाजूस बंगला आहे. तो त्यांच्या वडिलांनीं स्वातंत्र्याच्या आधीं बांधला. आवार सुमारें दहा गुंठ्यांचें व उतारावरचें. वरच्या अंगास दोन जांभळी, एक हिरडा आणि अंजनीचा एक दाट ताटवा. खालच्या अंगास आंबा, उंबर आणि करवंदीची जाळी. मधून दगडी पायऱ्या, आणि दर पंधरा-वीस पावलांवर गुडघाभर उंचीचा कोरडा गडगा, म्हणजे चुन्या-मातीवांचून नुसत्या दगडांवर दगड रचून केलेला बांध. माघ-फाल्गुनांत अंजनीच्या फांद्यांस बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लागत. पावसाळ्यांत गडग्यांच्या सांदींतून तेरडा उगवे, नेचे लोंबत, आणि आवाराच्या कडेनें जाणाऱ्या ओहोळावर पहांटे शीळकरी कस्तूर शीळ घाली. हें सर्व कोणीं मुद्दाम 'रचलें' नव्हतें. घर बांधणाऱ्यानें जें होतें तें राहूं दिलें, जें लागलें तें लावलें, आणि सत्तर-ऐंशी पावसाळ्यांनीं उरलेलें काम केलें.

दोन वर्षांपूर्वीं स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं हें आवार 'ताजें' करण्याचें मनावर घेतलें. हेतु वाईट नव्हता. घर बरेच दिवस बंद असे, पाला सांचे, करवंदीची जाळी वाटेवर आली होती, पायऱ्या निखळल्या होत्या. कंत्राटदार आला, त्यानें रंगीत चित्रें दाखविलीं, आणि तीन महिन्यांत जांभळी, हिरडा व अंजनी नाहींशीं झालीं. आंबा राहिला, परंतु त्याच्या बुंध्याभोंवतीं फरशी ठोकळे इतके घट्ट बसविले कीं पाण्याचा थेंब मुळांस मिळूं नये. गडगे जाऊन त्यांच्या जागीं एक उंच, गुळगुळीत, सिमेंटची भिंत आली. वर अर्ध्या आवारांत हिरवळ, कडेनें ओळीनें उभे केलेले रॉयल पाम, आणि मध्यें विजेवर चालणारा एक कारंजा. झाडें तोडण्यास नगरपरिषदेची परवानगी घेतली होती काय, असें आम्हीं विचारलें. "तें सगळें कंत्राटदार पाहतो," असें उत्तर मिळालें. महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांसाठीं वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, त्याखालीं स्वतःच्या आवारांतील झाडासहि परवानगीवांचून कुऱ्हाड लावतां येत नाहीं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्यांवरील झाडांस विशेष संरक्षण दिलें आहे, हें एका पदवीधर गृहस्थास ठाऊक नव्हतें. त्याच्या गाडीच्या विम्याचीं कलमें मात्र त्यास तोंडपाठ होतीं.

बंगल्याचा राखणदार नाणें मावळांतला एक म्हातारा. त्याला कोणीं कांहीं विचारलें नव्हतें, तरी भिंतीचा पाया खणतांना तो आपण होऊन मालकास म्हणाला, "दादा, ही पाण्याची वाट हाय. इथनं पाणी जातंया म्हणून थोरल्या सायबांनी गडगं घातलं व्हतं. वाट मोडली तर पाणी दुसरी धरंल, आन् ती घरातून आसंल." दादा हंसले. पुढच्या आषाढांत एका रात्रीं पाण्यानें म्हाताऱ्याचा शब्द खरा केला. वरच्या उताराचें पाणी भिंतीमागें तुंबलें, भिंतीला पोट आलें, आणि ती मध्यभागीं फुटून चिखल, दगड व नवी हिरवळ मागील दारानें स्वयंपाकघरांत शिरली. मनुष्यहानि झाली नाहीं एवढें भाग्य. खालच्या अंगास राहणाऱ्या एका गरीब कुटुंबाच्या अंगणांत मात्र कमरेइतका राडा जमला, आणि त्यांची भाताची रोपवाटिका त्याखालीं गेली. त्यांनीं कोणाचा बंगला ताजा करण्याचें कंत्राट घेतलें नव्हतें.

यांत कंत्राटदाराचा दोष आहेच. परंतु आम्ही त्याच्यावर फार वेळ घालविणार नाहीं. तो आपली वस्तु विकतो. प्रश्न हा कीं ती विकत घेण्याइतकी आपली रसिकता कोणीं बिघडविली? घाटमाथ्यावरच्या माणसास सपाट हिरवळ सुंदर व अंजनीचा ताटवा म्हणजे 'माजलेलें रान' असें कां वाटूं लागलें?

याचें उत्तर आमच्या शिक्षणांत आहे. १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईचा धनिक वर्ग खंडाळें-लोणावळ्यास हवापालटासाठीं येऊं लागला. साहेबाच्या बंगल्यापुढें हिरवळ असे, म्हणून शेटजींच्या बंगल्यापुढें हिरवळ आली. शेटजींच्या पुढें आली म्हणून वकील-डॉक्टरांच्या पुढें आली. आणि आतां साहेब जाऊन पाऊण शतक उलटलें तरी ती हिरवळ हलावयास तयार नाहीं. ज्या वर्षीं पुण्यास पश्चिम हिंदुस्थानची कृषि-उद्यान संस्था निघाली, त्याच १८३० सालीं इंग्लंडांत एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें गवत कापण्याचें यंत्र काढलें. तोंपर्यंत कापलेली हिरवळ ही पुष्कळ मजूर पदरीं बाळगणाऱ्या जमीनदाराची मिरास होती. यंत्रानें ती मध्यमवर्गाच्या दारांत आणली. म्हणजे जिला आपण सौंदर्याचें सनातन लक्षण समजतों ती मुळांत एका थंड देशांतील श्रीमंतीची खूण.

त्या देशांत ती शोभते, हें आम्ही कबूल करतों. लंडनांत वर्षाकांठीं सुमारें सहाशें मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो बाराहि महिन्यांत थोडा थोडा वांटलेला असतो, ऊन कोंवळें, गवत न मागतां हिरवें राहतें. लोणावळ्यास वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरांच्या वर जातो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने आकाश कोरडें. जो पाऊस घाटमाथ्यावर असा धो-धो पडतो तोच पूर्वेस तळेगांवाकडे जातां जातां वीस मैलांत निम्म्याहून पुष्कळ खालीं उतरतो. अशा विलक्षण प्रदेशांत लंडनची हिरवळ आणून अंथरणें म्हणजे आषाढांत लोंकरी कोट घालून भात लावावयास जाण्यासारखें आहे.

आमच्या इंग्रजाळलेल्या मित्रांस आम्ही त्यांच्याच पुराणांतला दाखला देतों. आमची हयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेली, तेवढा अधिकार आम्हांस असावा. बेकनचा उद्यानांवरील निबंध १६२५ च्या आवृत्तींत प्रसिद्ध झाला. कापलेल्या हिरव्या गवताची त्यानें स्तुति केली आहे, हें खरें. पण आपल्या तीस एकरांच्या आदर्श बागेंत त्यानें या गवतास जागा किती दिली? चार एकर. आणि जो भाग शक्य तितका रानवट राहावा, जेथें झाडोरा व रानफुलें आपापल्या मनानें वाढावीं, त्यास दिले सहा एकर! पुढें १७३१ सालीं पोप या कवीनें लॉर्ड बर्लिंग्टनला पद्यपत्र लिहून बाग करणारानें आधीं त्या त्या स्थळाच्या देवतेचा कौल घ्यावा असा उपदेश केला. इंग्रजांच्या उद्यानकलेंतला हा मोठा विचार समजला जातो. आतां गंमत पाहा. स्थळाला देवता असते, व तिला विचारल्यावांचून तेथली काडीहि उचलूं नये, हें आमच्या मावळांतील गांवकऱ्यांस कोणा पोपनें शिकविलें नव्हतें. गांवोगांवच्या देवराया त्याच श्रद्धेनें राहिल्या आहेत. माधव गाडगीळ व वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास करून दाखविलें कीं आसपासचें रान उजाड झालें असतांहि या लहान लहान राखलेल्या तुकड्यांत जुनें अरण्य जिवंत उरलें होतें. इंग्रजी वाचून आम्ही हिरवळ उचलली, पोपची स्थळदेवता उचलली नाहीं; आणि घरची देवराई तर अडाण्यांची म्हणून आधींच सोडून दिली होती. याला दोन्हीं घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.

आतां जरा हिशेब करूं. सौंदर्यावर वाद होतो, बेरजेवर होत नाहीं. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. दहा गुंठे म्हणजे सुमारें एक हजार चौरस मीटर. त्यावर चार हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका पावसाळ्यांत चाळीस लाख लिटर पाणी. आषाढांत दिवसाला दोनशें मिलिमीटर पाऊस येथें नवलाचा नाहीं. त्या एका दिवसांत आवारावर दोन लाख लिटर पाणी उतरतें. झाडें, पालापाचोळा, सच्छिद्र माती आणि गडगे हे त्या पाण्यास अडवीत, मुरवीत, हळूहळू खालीं सोडीत. फरशी ठोकळे व दडपून सपाट केलेली माती तें तसेंच्या तसें धाडकन् खालीं ढकलतात. उलट हिरवळ अर्ध्याच आवारांत, म्हणजे पांचशें चौरस मीटर, धरली, तरी कडक उन्हांत तिला दिवसाला पांच मिलिमीटर, म्हणजे अडीच हजार लिटर पाणी लागतें. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचें हें तीन लाख लिटर झालें: दहा हजार लिटरांचे तीस टँकर, दर चार दिवसांस एक. चाळीस लाख लिटर फुकट आलेलें पाणी हांकलून द्यावयाचें, आणि तीन लाख लिटर विकत आणून गवतास पाजावयाचें! शाळेंतल्या मुलानें असें उदाहरण सोडविलें तर मास्तर त्यास बांकावर उभें करतील. बंगलेवाल्यानें सोडविलें म्हणजे त्यास अभिरुचि म्हणतात.

हें पाणी येतें कोठून? जमिनींतून, विहिरींतून, म्हणजे आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांच्या तोंडचें. मावळांत पाणी ही हलकी गोष्ट नाहीं. वळवणचें धरण, लोणावळ्याचा तलाव, पवनेचें धरण या सर्वांखालीं कोणाच्या तरी जमिनी गेल्या आहेत. शेजारच्या मुळशींत १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारपणाखालीं मावळ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. आणि याच मावळांत ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगति महामार्गावर आले असतां गोळीबार होऊन तिघे मृत्युमुखीं पडले. ज्या तालुक्यांत पाण्यापायीं माणसें मेलीं, त्या तालुक्यांत आठवड्यांतून दोन दिवस वस्तीस येणाऱ्या पाहुण्याच्या पायांखालीं गवत मऊ लागावें म्हणून एप्रिलांत टँकर रिकामे होतात. आम्हांस हें दृश्य सुंदर म्हणतां येत नाहीं, क्षमा असावी.

शिवाय येथून जाणारें पाणी कोठें जातें याचाहि विचार करावा. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरांत आहे. या आवारांतले ओहोळ तिला मिळतात, आणि ती पुढें देहूस व आळंदीस जाते. हिरवळ पोसण्यासाठीं घातलेलें रासायनिक खत आणि तिच्यांतले तण मारण्यासाठीं फवारलेलें विष पहिल्या पावसाबरोबर त्याच वाटेनें जातें. तुकोबा-ज्ञानोबांच्या नदीवर जलपर्णी माजली म्हणून वृत्तपत्रांत हळहळ छापून येते. त्या जलपर्णीचें पोषण करणाऱ्या थोर हातांत बंगल्यांचे हात अगदींच रिकामे नाहींत.

जलपर्णीवरून आठवलें. तीहि दक्षिण अमेरिकेंतून फुलांच्या शोभेसाठींच जगभर नेली गेली. सह्याद्रीच्या उतारांवर जिनें गुरांचें कुरण खाऊन टाकलें ती घाणेरीसुद्धां शोभेचें झुडूप म्हणूनच हिंदुस्थानांत आली. म्हणजे बागेंतली आजची हौस ही रानांतली उद्यांची पीडा होऊं शकते, याला इतिहासाचा पुरावा आहे. शहरोशहरीं झटपट वाढणारें म्हणून लावलेल्या कोनोकार्पस या परदेशी झाडावर गुजरात सरकारास २०२३ सालीं बंदी घालावी लागली. तरीहि आमचे बंगलेवाले झाड निवडतांना एकच प्रश्न विचारतात: "लवकर वाढेल ना?" जें फार लवकर वाढतें तें कोठें थांबतें, हा प्रश्न कोणीहि विचारीत नाहीं.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. आम्ही झाडांची जातपात पाहणारे सोवळे नाहीं. देवाला वाहिला जाणारा झेंडू मेक्सिकोचा, देवळापुढचा चाफा अमेरिकेचा, पेरू-पपई-मिरची-बटाटा हे सारे समुद्रापलीकडले. बोगनवेल ब्राझिलची व गुलमोहर मादागास्करचा. ते आपल्याकडे रुळले, त्यांनीं कोणाचें घर उठविलें नाहीं. त्यांस आपण कां हांकलावें? दारांत एखादा गुलमोहर असावा, कुंपणावर बोगनवेल असावी, यास आमची मुळींच हरकत नाहीं. आमचा आक्षेप पाहुण्यास नाहीं. पाहुण्यासाठीं घरच्या माणसांस बाहेर काढण्यास आहे.

आणि हीं घरचीं माणसें कोण, हें तरी आपणांस माहीत आहे काय? पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा कोश रचला. पुढें मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांतील फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइट अध्यापकानें वर्षानुवर्षें खंडाळ्याच्या दऱ्याखोऱ्यांत पायपीट करून १९५३ सालीं एकट्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशचा एक पाद्री येथल्या प्रत्येक गवताच्या पात्याची विचारपूस करतो, आणि ज्यांच्या पिढ्या येथें गेल्या ते आपल्या परसांतील झाडास 'तें कसलें तरी जंगली' म्हणून मोकळे होतात! घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानाचीं मुख्य झाडें अंजनी, जांभूळ व पिसा. त्यांच्या खालीं कारवी, जी सात-आठ वर्षांनीं एकदांच, परंतु अख्खा डोंगर जांभळा करून फुलते, आणि जिच्या काठ्यांच्या कुडावर शेणमातीचा लेप देऊन मावळांतल्या कित्येक पिढ्यांनीं घरें उभारलीं. पावसाच्या तोंडीं चवर व रानहळद, श्रावणांत तेरडा, भाद्रपदांत सोनकीचे पिवळे सडे. या सर्वांस खत नको, टँकर नको, माळी नको. जोराचा पाऊस आणि लांबलेला उन्हाळा, दोन्ही सोसण्याची विद्या त्यांनीं आपल्या जन्माआधींच शिकून ठेविली आहे.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला आक्षेप सापा-विंचवांचा. "घरांत लहान मुलें आहेत, झाडोरा ठेवला तर सर्प येतील." ही भीति आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. घराच्या भिंतीपासून दहा-बारा हात जागा मोकळी असावी, वाटा स्वच्छ असाव्या, रात्रीं दिवा असावा, हें योग्यच आहे. परंतु सर्प अंजनीसाठीं येत नाहीं, उंदरासाठीं येतो; आणि उंदीर येतो तो शनिवार-रविवारच्या मेजवान्यांच्या उष्ट्यासाठीं. ज्या आवारांत कचरा उघडा पडतो तेथें हिरवळ सापास अडविणार नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा. "आम्ही राहतों मुंबई-पुण्यास, रानाची निगा कोण राखणार?" हा तर आमच्याच बाजूचा मुद्दा झाला. हिरवळीस आठवड्यास कापणी, रोज पाणी, मधूनमधून खत व औषध, आणि पावसांत कुजली म्हणजे पुन्हां नवी, इतकें लागतें. अंजनीला वर्षांतून एकदां वाळक्या फांद्या काढल्या कीं पुरे. सवड नसणारानें हिरवळ लावणें म्हणजे बिऱ्हाड बंद असणारानें गाय पाळण्यासारखें आहे.

तिसरा आक्षेप धंद्याचा. बंगले आतां सुटीच्या दिवशीं भाड्यानें दिले जातात, आणि गिऱ्हाइकास म्हणे हिरवळ, पाम आणि पोहण्याचा हौद लागतो. असेल. पण मुंबईचा मनुष्य घाट चढून वर येतो तो काय पाहावयास? पाम आणि फरशी ठोकळे त्याच्या सोसायटीच्या दारांतहि आहेत. धुकें, ओहोळ, शेवाळलेला गडगा आणि ओल्या झाडांचा वास हेंच लोणावळ्याचें भांडवल. तें मोडून त्याचें व्याज किती दिवस खातां येईल, याचा विचार धंदेवाल्यांनींच करावा.

चौथा आक्षेप सर्वांत ठणठणीत. "आवार आमचें, पैसा आमचा, तुम्ही सांगणारे कोण?" आम्ही कोणीच नाहीं. पण उतारावर मालकी कुंपणाशीं संपत नाहीं. वरच्या आवारांतलें पाणी, माती आणि दगड सातबारा वाचून थांबत नाहींत. तीं खालच्याच्या दारांत जातात. आमच्या स्नेह्यांच्या भिंतीनें ज्याची रोपवाटिका गाडली त्याला हा मालकीहक्क एकदां समजावून सांगण्याचें धैर्य या आक्षेपकांनीं दाखवावें. आंबेगांव तालुक्यांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर उतरला आणि दीडशेंवर माणसें गेलीं. बंगल्याच्या बागेची आणि त्या अनर्थाची बरोबरी आम्ही करीत नाहीं. पण सह्याद्रीचा उतार पावसांत काय करूं शकतो हें ज्यानें त्या दिवशीं ऐकलें, त्यानें तरी उताराच्या पायथ्याशीं यंत्र लावण्यापूर्वीं दहांदा विचार करावा.

मग आवार तसेंच जुनाट, पडीक राहूं द्यावें काय? मुळींच नाहीं. आमचा वाद नूतनीकरणाशीं नाहीं, पुसून टाकण्याशीं आहे. जुन्या पोथीचा जीर्णोद्धार करणें निराळें, आणि पोथी रद्दींत घालून कोऱ्या कागदांचें पुस्तक बांधून आणणें निराळें. ज्यास आवार खरोखर ताजें करावयाचें आहे त्यानें पहिलें एक वर्ष कांहींच करूं नये; फक्त पाहावें. मृगाच्या पहिल्या सरीस पाणी कोठून येतें, कोठें थबकतें, कोठून जातें हें पाहावें. कोणतें झाड केव्हां फुलतें, त्यावर कोण येतें, दुपारची सावली कोठें पडते हें टिपून ठेवावें. आवारांत जो राबतो त्या माळ्यास वा राखणदारास विचारावें, व त्याचें उत्तर संपेपर्यंत ऐकावें. त्यानंतर हत्यार उचलावें. घाणेरी व रानमोडी मुळासकट काढावी. करवंदीची जाळी वाटेपुरती छाटावी. निखळलेल्या पायऱ्या बसवाव्या. ढांसळलेले गडगे त्याच दगडांनीं पुन्हां रचावे; त्यांच्या सांदींतून पाणी झिरपतें, म्हणून ते पाण्याशीं झुंजत नाहींत व फुटतहि नाहींत. भिंत बांधणें भागच असेल तर तींत पाणी निघण्यास भोंकें ठेवावीं. गळलेला पाला जाळूं नये. एका कोपऱ्यांत खड्डा करून त्यांत टाकावा, म्हणजे पुढच्या वर्षीं खत विकत आणावें लागणार नाहीं. आणि मुलांस खेळण्यास मोकळी जागा हवीच असेल, तर ती अंगणाएवढी असावी. तेथें पावसाळ्यांत जें गवत आपोआप उगवतें तें कापावें, आणि उन्हाळ्यांत तें पिवळें पडलें तर पडूं द्यावें. चैत्र-वैशाखांत गवत पिवळें असणें हा या देशाचा ऋतुधर्म आहे, मालकाच्या दारिद्र्याची जाहिरात नव्हे.

आमच्या स्नेह्यांनीं यंदा भिंत पुन्हां बांधावयास काढली आहे. कंत्राटदार तोच आहे. नकाशा मात्र थोडा बदलला आहे, कारण खालच्या कुटुंबानें तहसीलदाराकडे अर्ज केला. चिरंजीवांनीं आम्हांस पत्रानें विचारलें कीं जांभळीच्या जागीं आतां काय लावावें. आम्हीं उलट टपालीं लिहिलें कीं कांहीं लावूं नका. बुंध्याला फुटवे आले आहेत असें तुमचा राखणदार सांगतो, त्यांतले दोन जोमदार ठेवा, बाकीचे काढा, आणि भोंवतालचे ठोकळे उखडून टाका. नवें झाड विकत घेण्यापेक्षां तें स्वस्त पडेल. त्यांचें उत्तर अजून आलेलें नाहीं.

ज्या वाचकांचीं घाटमाथ्यावर घरें आहेत, किंवा जे घेण्याच्या विचारांत आहेत, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. कंत्राटदारास बोलावण्यापूर्वीं एकदां आषाढांत तेथें जा. छत्री घ्या, पायांत काय घालावयाचें तें घाला, आणि भर पावसांत तासभर आवारांत उभे राहा. सोबत राखणदारास घ्या. वरून आलेलें पाणी कोणत्या दगडाशीं वळतें, कोणत्या मुळाशीं थांबतें, तें त्याला दाखवावयास सांगा. तेवढें पाहिल्यानंतरहि तुम्हांस जांभळी तोडून हिरवळ अंथरावीशी वाटली, तर आमचा हा लेख खुशाल खतांत घाला.